सायनचं शीव नाही, शीवचं सायन झालंय

मावशी 40 वर्षं मुंबईत शीवला, म्हणजे सायनला राहते आणि काल तिनेच मला तो फिरणारा मेसेज पाठवला, "बघ रे, आपल्या सायनचा खरा अर्थ". वर सोनेरी घुमटाचा जेरुसलेमचा फोटो. म्हणे पाद्र्यांनी तिथल्या झायन टेकडीवरून नाव ठेवलं, सायनचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधला, आणि 1995 ला बॉम्बेचं मुंबई झालं तेव्हा ओढूनताणून सायनचं शीव केलं.

हे 1995 वालं वाचून डोकंच फिरलं. अहो, शीव म्हणजे हद्द, सीमा. मोल्सवर्थचा 1857 चा मराठी कोश उघडा, शब्द अर्थासकट बसलाय तिथे, तेव्हा कुठलं सरकार नावं बदलत होतं? गावाकडे आजही 'शिवेवरचं शेत' म्हणतात. आणि जागा बघा ना, मुंबई बेट इथे संपायचं, पुढे खाडी, पलीकडे साष्टी बेट. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत साष्टी पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली, ती 1774 मध्ये इंग्रजांनी घेतली, म्हणजे मधली पस्तीसेक वर्षं ही खरोखर इंग्रज आणि मराठे अशा दोन राज्यांची शीव होती. हद्दीवरच्या गावाला हद्द म्हणायला जेरुसलेम कशाला लागतंय?

किल्ल्याचं तर सोडाच, तो इंग्रजांचा, जेराल्ड ऑन्जियर गव्हर्नर असतानाचा (1669 ते 1677).

बरं, जेझुइट पाद्र्यांच्या या भागात जमिनी होत्या हे मान्य, आणि इंग्रजी स्पेलिंग झायनच्या वळणाचं दिसतं हेही मान्य. पण पोर्तुगीजांनी वसईचं बसाइम केलं, मुंबईचं बोंबाइम केलं, शब्दाच्या शेवटी नाकातला सूर लावायची खोडच त्यांची, तसंच शीवचं झालं असणार असं माझं मत. बसाइम कुठल्या टेकडीवरून आलं मग?

खाली कुणीतरी जोडलंय की शीव म्हणजे भगवान शंकर. तो शिव, ऱ्हस्व, आणि तो. ही शीव, दीर्घ, आणि ती. शिवाला बेल वाहतात, शिवेवर भांडणं होतात.

एवढं सगळं मावशीला टाईप करून पाठवलं, वर हेही लिहिलं की लोकलमध्ये रोज "पुढील स्टेशन शीव" ऐकतेस ना. तिचा रिप्लाय, "ते ठीक आहे, पण मग फोटो कुठल्या देवळाचा आहे?"