दोन वाजले, किचन बंद

ल्योंला पोस्टिंग आहे म्हटलं की लोक आधी 'वा, मजा आहे बाबा' म्हणतात आणि मग उन्हाळ्यात सहकुटुंब येतात. येताना यूट्यूबवर बघून येतात की हे शहर म्हणजे फ्रान्सच्या खाण्यापिण्याची राजधानी. झालं, आता 'कुठे जेवायचं' हे ठरवायचं काम माझं.

यंदा आई, बाबा, आत्या, ताई आणि कोल्हापूरचे दाजी. आत्या कट्टर शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. दाजींचं म्हणणं, आपल्याला काही पण चालतंय. बाबा दारातल्या पाटीवर खडूने लिहिलेला मेनू बघून युरोच्या प्रत्येक आकड्याला रुपयांसाठी शंभराने गुणतात आणि पुढे चालायला लागतात.

पण खरा घोळ माणसांचा नाही, घड्याळाचा आहे. इथे दुपारचं जेवण बाराला सुरू आणि दोनच्या सुमाराला किचन बंद, मग रात्री सात-साडेसातपर्यंत तुम्ही उपाशी मेलात तरी आचारी तवा तापवत नाही. सोमवारी तर अर्ध्या हॉटेलांची शटरं खाली. आणि आमची मंडळी म्हणजे दहाला नाश्ता, मग आंघोळी, मग वर फुर्व्हिएरच्या चर्चला जाऊन फोटो, फ्युनिक्युलरने, म्हणजे उतारावरच्या दोराने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने, खाली येऊन जुन्या ल्योंमध्ये परत फोटो, त्यात बाबांना त्राबुल बघायचे होते, म्हणजे एका गल्लीत दार उघडून आत शिरायचं आणि इमारतींच्या पोटातून दुसऱ्या गल्लीत निघायचं, ते सगळं छान आहे, युनेस्कोच्या यादीत वगैरे आहे १९९८ पासून, पण बाहेर आलो तेव्हा पावणेदोन वाजले होते आणि रिझर्वेशन नव्हतं.

एका बुशाँमध्ये घुसलो. बुशाँ म्हणजे इथली खास खानावळ, चौकडीचे टेबलक्लॉथ, खेटून मांडलेल्या खुर्च्या, शेजारच्याचं कोपर आपल्या ताटात. वेटरने आमच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, परत आमच्याकडे बघितलं आणि लांबलचक सुस्कारा सोडून बसा म्हणाला.

आत्याचं मी त्याला नीट समजावलं, मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही. तो मनापासून विचार करून म्हणाला, मग कनेल घ्या ना! कनेल म्हणजे पाइक माशाचा मऊ लुसलुशीत गोळा, वर क्रेफिशचा सॉस. मासा दिसत नाही म्हणजे मासा नाही, असा त्याचा हिशोब असावा. मग म्हणाला, सालाद लियोनेझ? सॅलड ऐकून आत्याचा चेहरा खुलला, तेवढ्यात शेजारच्या टेबलावर तेच आलं, पाल्यावर डुकराच्या मांसाचे खरपूस तुकडे आणि मधोमध अर्धवट शिजलेलं अंडं, फोडलं की वाहणारं. आत्याने तोंड फिरवलं ते थेट भिंतीकडे.

तिला जरा बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, आत्या, ह्या शहराचं नाव मोठं केलं ते बायकांनीच बरं का, श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी स्वतःच्या खानावळी काढल्या, त्यातल्या युजेनी ब्राझिएच्या दोन हॉटेलांना १९३३ साली तीन-तीन मिशेलिन स्टार मिळाले, तो मोठा शेफ पॉल बोक्यूज तिच्याच हाताखाली शिकला. आत्या म्हणाली, "एवढी सुगरण, आणि एकाला पण साधी भाजी शिकवली नाही?"

शेवटी तिच्यासाठी साय घालून भाजलेले बटाटे आणि सेर्व्हेल द कॅन्यू, म्हणजे मऊ ताजं चीज, त्यात बारीक चिरलेले कांदे आणि पाती, थोडक्यात चक्क्याला कांदा लावलेला. आवडलं तिला. चीजमध्ये रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं विरजण, असू शकतं हे मला माहितीये, आत्याला नाही, आणि कोणी सांगू पण नका.

दाजींनी ताब्लिए द सापर मागवलं. बैलाची वजडी, मुरवून, ब्रेडचा चुरा लावून तळलेली. एक घास खाल्ला आणि, "पाव्हणं, ही तर आपली वजडीच की! पण ह्यांनी तिला तिखट का लावलं न्हाई?" मग जोशात येऊन आंदुयेत पण सांगितलं. आतड्यात आतडी भरून केलेलं सॉसेज. ते बशीच्या आधी वासाने येतं. ताईने खुर्ची मागे ओढली, आईने पदर नाकाला लावला, वेटर मात्र दाजींकडे पहिल्यांदाच आदराने बघत होता. दाजींनी संपवलं. घाम आला होता, पण संपवलं.

बाबांचं लक्ष वाइनच्या जाड बुडाच्या बाटलीवर, इथे तिला पो म्हणतात, ४६ सेंटिलिटरची. "अर्ध्या लिटरला चार कमी? आणि बूड एवढं जाड? मापात मारतायत हे." मी बिल लपवून भरलं.

बाहेर पडताना आत्याने विचारलं, रात्री कुठे? मी लगेच फोन काढून साडेसातचं टेबल बुक केलं आणि घरच्यांना सहाचं सांगितलं. आठला दहा कमी असताना पोचलो.