सिस्टरच्या वहीत काय आहे, ते कुणी विचारतच नाही

गेल्या भातलावणीच्या दिवसांत माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. बी.एस्सी. नर्सिंग करून ती कुडाळकडच्या एका उपकेंद्रात सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, झाली आहे. गावात सगळे तिला सिस्टरच म्हणतात. पिशवीतून तिने एक जाडजूड वही काढली. लेप्टोचा (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचा) धोका असलेल्या भागात चिखलात राबणाऱ्यांना आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक देतात. किती गोळ्या वाटल्या ते रजिस्टरात चढतं. हिने वहीत वेगळंच लिहून ठेवलं होतं: गोळी कोणी घेतली नाही, आणि का. एका काकूंचं उत्तर जसंच्या तसं देते, "रिकाम्या पोटार गोळी घेतली काय पोटात आग पडता. मगे तरवो कोण काढतलो?" (तरवो म्हणजे लावणीसाठी उपटायची भाताची रोपं.)

काहीतरी खाऊन गोळी घ्या, असं आपण सांगतो. पण पहाटे सगळ्यांचं करून स्वतः कोऱ्या चहावर शेतात उतरणारी बाई कधी खाणार? म्हणजे गोळी सगळ्यांना सारखी वाटली, तरी बचाव सारखा झाला नाही. बचाव सारखा होणं, आरोग्यातली समता म्हणतात ती हीच, आणि ती वाटपाच्या आकड्यात दिसत नाही. वही वरिष्ठांना दाखवली तेव्हा तिला उत्तर मिळालं, "आकडे पाठवा, गोष्टी नकोत." मला त्याचा राग आला, आजही आहे. कारण तिच्याकडे गोष्टी नव्हत्या, संशोधनाचा प्रश्न होता. तो शास्त्रशुद्ध कसा मांडायचा, हे आम्ही तिला नीट शिकवलं नव्हतं.

मी २२ वर्षं नर्सिंग शिकवते, म्हणून हे जबाबदारीने लिहिते. आमच्याकडे संशोधन हा विषय आहे, संख्याशास्त्रही आहे. पण एम.एस्सी.चे कितीतरी प्रबंध एकाच साच्यातले असतात: साठ जणांना प्रश्नावली द्या, तासभर माहिती सांगा, पुन्हा तीच प्रश्नावली द्या. गुण वाढलेले दिसतात. प्रबंध बांधून कपाटात जातो. काकूंच्या पोटातली आग त्या प्रश्नावलीत कुठेच मावत नाही.

दीपप्रज्वलनाच्या समारंभात आम्ही मुलींच्या हातात फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा देतो. त्याच बाईंना १८५८ साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने पहिली स्त्री सदस्य करून घेतलं. सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या आजारांनी जास्त मरतात, हे त्यांनी आकृत्या काढून सरकारला दाखवलं होतं. त्या आकृत्या आमच्या वर्गात कितीदा उघडल्या जातात?

लहान जागेतून मोठं संशोधन होत नाही, असं कोकणात तरी कोणी म्हणू नये. महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, आणि १९८२ मध्ये त्या ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसणं हे तर नर्सचं रोजचंच काम. तमिळनाडूतल्या दिंडिगुलमध्ये प्रशिक्षित नर्सनी व्हिनेगरसारख्या साध्या द्रावणाने गर्भाशयमुखाची तपासणी केली. ज्या गावांत ती झाली तिथे या कर्करोगाचे मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचं २००७ साली प्रसिद्ध झालं. हात नर्सचे होते. पुढचा प्रश्नही तिनेच विचारावा, आणि निबंधावर तिचं नाव असावं, एवढंच मागते. ही मागणी काही जगावेगळी नाही: अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत नर्सिंग संशोधनाचं स्वतंत्र केंद्र १९८६ पासून आहे.

‘ग्लोबल हेल्थ’ म्हटलं की आपल्या मुलींना परदेशातली नोकरी आठवते. पण जग इथेच, रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर उभं आहे. बोटींवर नेपाळी खलाशी आहेत, आंब्याच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं येतात. क्षयाचं औषध साधारण सहा महिने घ्यावं लागतं. हंगाम संपला, बागेतला गडी गावी निघाला आणि दोन महिन्यांचं औषध राहिलं, तर ते पुढे कोण देणार? त्याच्या बायकोची तपासणी झाली का? हे रत्नागिरीतल्या एका नर्सने आणि नेपाळमधल्या एका नर्सने मिळून शोधायला हवं. त्यासाठी मुलाखत घेण्याचं कौशल्य लागतं, दुभाषा लागतो, संमती खरोखरची आहे की साहेबाच्या धाकाने, हे ओळखायची नजर लागते. नीती समितीकडे (एथिक्स कमिटीकडे) अर्ज कसा करायचा, विदा (डेटा) कशी राखायची, हेही आलं. आणि वेळ! ड्यूटी संपवून, घरचं सगळं आवरून रात्री अकराला संशोधन होत नाही. आठवड्यातला एक पगारी दिवस त्यासाठी हवा. याबाबत मी तडजोड करायला तयार नाही.

तिची वही सध्या माझ्या टेबलावर आहे. मालवणीत प्रश्न तयार झालेत, आता किती घरं घ्यायची, कशी निवडायची, तिथे अडलंय. कुडाळ-सावंतवाडी भागात संख्याशास्त्र शिकवणारं कोणी ओळखीचं असेल तर कळवा. रविवारचे दोन तास हवेत, यंदाचा तरवा काढायच्या आत.