दुसरी बाजू आधी

आज दुपारी फर्ग्युसन रस्त्यालगतच्या एका नव्या कॅफेतून मी कॉफी अर्धी टाकून उठलो. भिंतीवर जुन्या एलपींची कव्हरे काचेच्या चौकटींत लावली होती आणि त्यांच्या मधोमध बीटल्स या चौघांच्या इंग्लिश बँडच्या 'ॲबी रोड' या एलपीचे कव्हर होते. ते पाहून आनंद झाला, म्हणून काउंटरवरच्या मुलाला विचारले की आतली तबकडी कुठे आहे. त्याने समोरच्या भिंतीकडे बोट दाखवले. तबकडीच्या मधल्या भोकात काटे बसवून तिचे घड्याळ केले होते. बाकीच्या तबकड्या तापवून, वाकवून त्यांचे शेंगदाण्यांचे वाडगे केले होते.

हे वाचून तुम्हालाही माझ्याइतकेच वाईट वाटले असेल, याविषयी मला शंका नाही.

याच एलपीची एक प्रत बाबांनी १९८४ साली एका रविवारी जुन्या बाजारातून घरी आणली होती. बाबा नाट्यसंगीताचे, इंग्रजी गाण्यांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. कव्हरवर पुढच्या बाजूला ना गाणाऱ्यांचे नाव, ना रेकॉर्डचे. चार माणसे एकामागून एक रस्ता ओलांडताहेत आणि त्यांतला एक अनवाणी आहे. "हे चौघे निघालेत तरी कुठे?" असे बाबांनी विक्रेत्याला विचारले. त्याला सांगता येईना, तेव्हा बाबांनी ती विकतच घेतली.

उत्तर मला पुढे वाचनातून मिळाले. या रेकॉर्डचे नाव आधी 'एव्हरेस्ट' ठेवायचे घाटत होते, तेही ध्वनिमुद्रण करणाऱ्या जेफ एमरिक यांच्या सिगारेटच्या पाकिटावरून. त्यासाठी थेट हिमालयात जाऊन छायाचित्र काढण्याची कल्पना निघाली; पण इतका खटाटोप कुणालाच नको होता, म्हणून चौघे स्टुडिओच्या दारातून बाहेर पडले आणि समोरच्या 'ॲबी रोड' या रस्त्यावरच उभे राहिले. ८ ऑगस्ट १९६९ ची सकाळ. पोलिसाने वाहने थोपवली, छायाचित्रकार इयन मॅकमिलन शिडीवर चढले आणि दहाएक मिनिटांत त्यांनी सहा छायाचित्रे टिपली. निवडले ते पाचवे, कारण त्यात चौघांची पावले एका लयीत पडली आहेत. नाव छापायचे नाही हे कव्हरची मांडणी करणारे जॉन कॉश यांनी ठरवले. या चौघांना कोण ओळखत नाही, असा त्यांचा रोकडा हिशेब होता.

आणि त्या छायाचित्रात ते स्टुडिओकडे पाठ करून चालले आहेत. १९६२ पासून जिथे एकत्र गायले, तिथून दूर. त्यानंतर बारा दिवसांनी चौघे स्टुडिओत शेवटचे एकत्र आले. बाबांच्या प्रश्नाचे उत्तर हे होते आणि ते मला कळेपर्यंत बाबा राहिले नव्हते.

कव्हर चौकटीत राहिले तर वाळवीपासून वाचते, हे मान्य. मीही आधी कव्हराच्याच प्रेमात पडलो होतो, तेही मान्य. पण त्या तबकडीवर घड्याळाचे काटे बसवण्यापूर्वी एकदा तरी कुणी सुई ठेवून पाहिली होती का? लंडनमध्ये २०१० साली त्या झेब्रा क्रॉसिंगला, म्हणजे डांबरावरच्या पांढऱ्या पट्ट्यांना, कायद्याने वारशाचे संरक्षण मिळाले. आणि इथे ज्या गाण्यांमुळे ते पट्टे जगाला माहीत झाले, त्यांवर शेंगदाणे ठेवले जातात. मला याची मनापासून चीड येते.

बाबा हात धुऊन, पुसून मगच एलपी काढत, दोन तळव्यांमध्ये कडेने धरत आणि मखमलीच्या तुकड्याने गोल पुसत. पहिली बाजू त्यांना कधी फारशी रुचली नाही. दुसरी बाजू 'हिअर कम्स द सन'ने उघडते. चौघांपैकी जॉर्ज हॅरिसनने हे गाणे बीटल्सच्या कंपनीच्या बैठकीला दांडी मारून गिटारवादक मित्र एरिक क्लॅप्टनच्या बागेत रचले, लांबलेला हिवाळा सरत असताना. हे बाबांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते, शब्दही निम्मे कळत नव्हते. तरीही दोनदा ऐकून ते म्हणाले, "ही तर त्यांची भूपाळी आहे." संगीत इतकी वर्षे का टिकते, याची पुष्कळ विवेचने मी वाचली आहेत, मला त्या दिवशी आमच्या सदाशिव पेठेतल्या खोलीत जे दिसले, तेवढे पुरते.

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे, तेव्हा हेही सांगितले पाहिजे. मी दाराशी पोहोचलो तेव्हा तो मुलगा मागून आला आणि म्हणाला, "काका, त्यातलं सूर्याचं गाणं मला गिटारवर येतं. ते रेकॉर्डवर कसं वाजतं, हे मात्र ऐकलेलं नाही." घड्याळ त्याने केलेले नव्हते, तो तिथे नोकरीला आहे. मी त्याच्यावर आवाज चढवायला नको होता.

घरी येऊन आमची एलपी काढली. कव्हरची शिवण बाबांनी खाकी कागदाने चिकटवलेली आहे आणि आतल्या कडेला त्यांच्या अक्षरात, पेन्सिलीने, 'दुसरी बाजू आधी' असे लिहिलेले आहे. कॅफेतल्या त्या मुलाला रविवारी सकाळी घरी बोलावले आहे. सुई झिजली आहे. शनिवारपर्यंत नवी आणून ठेवतो.