डावीकडचा खडखडाट

माझी स्विफ्ट २००८ ची, एमएच ०४. पंधरा वर्षं भरल्यावर पासिंग करून पाच वर्षांची मुदतवाढ मिळवलेली. निवृत्तीनंतर कंत्राटावर ठेवलेल्या हेडक्लार्कसारखी. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांनी तिच्या पुढच्या डाव्या चाकाशी खडखड लावून दिली. सोसायटीच्या गेटातल्या गतिरोधकावर 'खडाक्' झालं, की चौथ्या मजल्यावर बायको चहा टाकते.

गॅरेजवाल्याने लिंक रॉड गेल्याचं निदान केलं आणि मजुरीचा आकडा असा सांगितला की माझ्यातला मेकॅनिक जागा झाला. दोन्ही पुढच्या चाकांमधल्या आडव्या स्टॅबिलायझर बारला चाकाच्या बाजूशी जोडणारी एवढीशी दांडी, दोन टोकांना बॉल जॉइंट, दोन नट. त्यात काय!

जोडीने बदलावेत म्हणतात, म्हणून दोन आणले. रविवारी नऊला जॅक लावला, खाली स्टँड ठेवला, डावं चाक काढलं. वरचा नट फिरला. फिरतच राहिला, कारण आतला बोल्टही त्याच्याबरोबर फुगडी घालत होता. तो धरायला टोकाशी ॲलन कीची षटकोनी खाच असते. तिच्यात इतक्या पावसाळ्यांचा गंज. जोर लावला आणि षटकोनाचं वर्तुळ झालं.

एव्हाना पार्किंगमध्ये खुर्च्या आल्या होत्या. रेल्वेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "१८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी त्याच दिवशी ठाण्याला पोचली होती हो!"

साडेबाराला करवतीने नट कापला. (माझ्या अंगठ्याचाही थोडा भाग त्यात होता.) नवा रॉड लावायला गेलो, तर भोक बोटभर दूर! ढकललं, ओढलं, शिव्या दिल्या.

"एकच चाक उचललंयस ना?" काका म्हणाले. "स्टॅबिलायझर बारला पीळ बसलाय. दोन्ही बाजू सारख्या हव्यात."

"हे सकाळी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे?"

शेजाऱ्याचा जॅक चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मखाली लावून हळूहळू वर रेटला, तसा रॉड निमूट भोकात गेला. उजवीकडे बघायचं त्राण नव्हतं.

चाक चढवून चक्कर मारून आलो. गतिरोधकावर चकार शब्द नाही! विजयी वीरासारखा वर गेलो, बेल वाजवली. बायको दचकलीच.

"अगं बाई, कधी आलास? आवाज कुठे आला?"

ओटा कोरडा ठणठणीत.

"अजून उजवीकडचा बदलायचाय," मी म्हणालो.

"तो वाजतो?"

"अजून नाही."

"मग राहू दे. वाजेल."