वहिनी, १,५०० रुपयांत महिना सहज निघतो

दादा गेले, फार वाईट झालं, त्याबद्दल दुमत नाही. पण आता वर्षश्राद्धही उरकलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, मंडपवाल्याची भांडी मोजून परत गेली (एक परात कमी भरली म्हणे, तिचे पैसे तुमच्याच नावावर लिहिलेत), म्हणजे आता हिशोबाचं बोलायला हरकत नाही. आम्ही भावकीतली माणसं, आम्ही नाही सांगणार तर कोण सांगणार.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की तुमचा खर्च आपोआप निम्म्यावर आलाय. तोंडावर कुणी बोलत नाही पण खरं आहे. टिकलीचं पाकीट नको, बांगड्या नकोत, गजरा नको, संक्रांतीला हळदीकुंकू करायचं नाही म्हणजे वाणाचा खर्च वाचला, आणि दुसऱ्यांच्या हळदीकुंकवाला बोलावणंच नाही म्हणजे बरी साडीपण नको. लग्नकार्यात पुढं पुढं करायचं नाही, मागं भाज्या चिरायला बसायचं, तिथं जुनं लुगडं चालतं. आहेराचं पाकीट मात्र पाठवायचं हां. पाकिटाला कोण अशुभ म्हणत नाही.

आता तुम्ही म्हणाल की कोल्हापूरकडं शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं सगळं बंद, आणि सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या गावांनापण सांगितलं की असंच करा. माहितीय आम्हाला. आपल्याकडंपण घ्यायचा आहे ठराव, फक्त कोरम होत नाही. झाला की फोटोला तुम्हालाच पुढं उभं करू.

आता कमाईकडं येऊ. मोबाईलवर ते टाय लावलेले सर सांगतात ना, पगाराचे ५० टक्के गरजेला, ३० टक्के हौसेला आणि २० टक्के बचतीला, ते आपण तुम्हाला लावून बघू. तुमचे महिन्याचे १,५०० धरले तर ७५० गरजा, ४५० हौस आणि ३०० बचत. वहिनी, ४५० ची हौस दर महिन्याला न चुकता करायची, नाहीतर नियम मोडतो. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या हौसेतच धरा, त्या वेळेवर घ्यायची त्यांना फार हौस.

१,५०० च का धरले असं विचारू नका. कुठूनही मोजा, तेवढेच येतात. संजय गांधी निराधार योजनेचे १,५००. लाडकी बहीणचे पण १,५००. दोन्ही घेऊ म्हणाल तर तसं नाही चालत, सरकारच्या दप्तरी एकतर निराधार व्हा नाहीतर लाडकी व्हा, एका बाईला दोन्ही होता येत नाही. बरं, शेतीचे घेऊ म्हणाल, पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि नमो शेतकरीचे ६,०००, म्हणजे महिन्याला हजार, तर ते सुरू झाले की लाडकीचे ५०० च मिळतात. हजार आणि पाचशे किती? बघा, सरकारनं तुमचा किती बारकाईनं विचार केलाय.

त्यातल्या त्यात आमचं मत विचाराल तर लाडकी व्हा. तिथं कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखापर्यंत चालतं. निराधारला २१,००० च्या आत पाहिजे. रक्कम तीच, पण निराधार व्हायला जास्त गरीब असावं लागतं, आणि वर दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. दादांच्या मृत्यूचा दाखला आणि तुमच्या हयातीचा दाखला एकाच पिशवीत ठेवत जा, फक्त गडबडीत उलटसुलट देऊ नका, निस्तरता निस्तरता वर्ष जाईल.

निराधारच घेणार असाल तर मग कष्ट जरा बेतानं करा. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये रोज होता. तेव्हा हमी शंभर दिवसांची होती, म्हणजे शंभर दिवस खरंच काम मिळालं तर ३१,२०० होतात आणि तुम्ही २१,००० च्या वर गेलात, म्हणजे श्रीमंत. म्हणून सांगतो, ६७ दिवस भरले की २०,९०४ होतात, तिथंच टोपलं खाली ठेवायचं आणि घरी यायचं, ६८ वा दिवस भरला की निराधारपणा गेला. अर्थात आपल्या गावात ६७ दिवस काम निघणार कुठून हा प्रश्न आहे, त्यामुळे तुम्ही सेफ आहात. खुरपणीला बाईला अडीचशे-तीनशे मिळतात, फवारणीला गड्याला पाचशे, पण ते कुठं लिहिलेलं नसतं त्यामुळे चिंता नाही. आणि दिवाळीनंतर गंगाखेडकडच्या टोळीबरोबर ऊसतोडीला जायचं डोक्यात असेल तर मुकादम नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतो, एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, उचलपण (आगाऊ पैसे) अर्धीच. उरलेला अर्धा कोयता कुठून आणणार ते तुम्ही बघा, पण आणलात की गाव काय बोलेल तेपण बघा.

लाडकीच्या केवायसीचं विसरलोच. २०२५ साली सरकारनं सांगितलं की तुमच्या आधारला ओटीपी येईल आणि मग नवऱ्याच्या किंवा वडलांच्या आधारला ओटीपी येईल, तो टाका. दादांचा मोबाईल थोरल्या दिरांनी नेलाय ना पुण्याला? वडील तर तुमचे लहानपणीच गेले. मग टाका ना ओटीपी, अडचण काय आहे? नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं की विधवेचा नवरा हयात नसतो, मग सांगितलं मृत्यूचा दाखला अंगणवाडीताईकडं द्या. ताईंकडं आधीच पोषण आहार, लसीकरण, वजनं, निवडणुकीच्या याद्या, त्यात तुमचा दाखला. त्यांच्यावर चिडू नका, त्यांचं मानधन थकलं की त्यापण तुम्ही नेता त्याच दुकानातून उधारीवर तेल नेतात.

आणि ओटीपी यायचा असेल तर रिचार्ज पाहिजे. कंपनीचा महिना २८ दिवसांचा असतो वहिनी, सरकारचा तीसचा आणि कधीकधी पंचाहत्तरचा. म्हणजे वर्षात अनुदान बारा वेळा (यायचं), रिचार्ज तेरा वेळा. दोनशेच्या आसपासचा धरला तरी २,६०० गेले फक्त पैसे आले का नाही ते कळायला.

खाण्यापिण्याचा तर प्रश्नच नाही, रेशन फुकट आहे. माणशी ५ किलो. तुम्ही, दोन लेकरं आणि सासूबाई, म्हणजे २० किलो. आधी २५ यायचं, पण दादांचं नाव लगेच कमी झालं, रेशनच्या बाबतीत आपली यंत्रणा फार फास्ट आहे. गहू फुकट, दळण मात्र गिरणीवाला फुकट देत नाही. तांदूळ फुकट पण तो शिजवायला गॅस लागतो, सिलेंडर साडेआठशेच्या पुढं, म्हणजे ७५० च्या गरजांत एक अख्खं सिलेंडर बसत नाही, म्हणून सिलेंडर पाहुण्यांना दिसेल असं ओट्याखाली ठेवायचं आणि मागं चुलीवर पऱ्हाट्या जाळायच्या. धुरानं डोळ्याला पाणी येतं, पण नाहीतरी येतंच होतं. तेलाची पिशवी कोपऱ्याला अगदी बारीक कापायची, सुईनं टोचली तर आणखी चांगलं, फोडणीला थेंब मोजता येतात. ती रिकामी झाली की उभी चिरून त्यावरच कणीक मळायची, दोन चपातीपुरतं तेल निघतं. हे तुम्ही आधीच करता म्हणे, शेजारच्यांनी सांगितलं. छान. दूध बंद करा, पण घरी येणाऱ्यांना कोरा चहा देऊ नका, लोक म्हणतील बाईनं माणूस गेल्यावर हात आखडला.

कागदांचा खर्च तेवढा जरा होतो. तालुक्याला एक चक्कर म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडाला, तीनशे. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे २०२३ पासून, ती तुमची शुद्ध बचत, ती लिहून ठेवा. मग झेरॉक्स, आधार, बँक पासबुक, रेशन कार्ड, मृत्यूचा दाखला, सगळ्याच्या तीन तीन प्रती, आणि आत गेल्यावर कळतं की बँक पासबुकावर तुमचं नाव माहेरचं आहे आणि आधारवर सासरचं, म्हणजे या दोन वेगळ्या बायका आहेत. उत्पन्नाच्या दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही असं सरकार सांगतं, साध्या कागदावर चालतं. तुम्ही हे बाहेरच्या टेबलवाल्याला सांगून बघा एकदा. तो तुमच्याकडं असा बघेल की तुम्हीच खिशातून पाचशे काढाल. साहेब मीटिंगला आहेत, सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी या. सोमवारचे आणखी तीनशे हौसेतून टाका.

कर्ता पुरुष गेला की राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत एकरकमी २०,००० मिळतात, त्याला फक्त दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव पाहिजे. आपल्याकडं ती यादी २००२ च्या सर्व्हेची. तेव्हा तुम्ही माहेरी दुसरी-तिसरीत असाल, पण इथं सासरी यादीत नाव लावून घ्यायला काय झालं होतं? जरा पुढचा विचार करायला पाहिजे होता. आणि दादांनी जे केलं ते कर्जापायी केलं असं तुम्ही म्हणता, तर आत्महत्येची मदत १ लाख असते, ३० हजार हातात आणि ७० हजार बँकेत ठेव, पण समिती बसते आणि ठरवते पात्र का अपात्र. बँकेचं कर्ज असेल तर बोलता येतं. दादांचं सगळं कृषी केंद्राची उधारी आणि हातउसनं. मरणसुद्धा कागदपत्रं पूर्ण करून यायला पाहिजे, आपले लोक इथंच कमी पडतात.

लेकरांचं म्हणाल तर बालसंगोपन योजना आहे, आई किंवा बाप गेलेल्या लेकराला महिन्याला २,२५०, दोघांचे वेगवेगळे. हे आम्ही सांगणार नव्हतो, तोंडातून निघून गेलं. तुमच्यापेक्षा लेकरांची किंमत जास्त धरलीय म्हणून कुणी फारसं सांगत नाही बहुतेक. अर्ज महिला व बालविकासकडं करायचा असतो, जिल्ह्याला. पण एवढ्या लांब कशाला जाता, पोरगी आता सोळाची झालीच आहे की, एक स्थळ आहे आमच्या बघण्यात. कायद्यात अठरा आहे, माहितीय, म्हणून तर म्हणतो पत्रिका छापायचा खर्चपण वाचेल.

बचत गटात बसा पण कर्ज जपून उचला. फायनान्सवाल्याचा पोरगा दर आठवड्याला येतो, फार नम्र असतो, ताई ताई म्हणतो आणि हप्ता मिळेपर्यंत ओट्यावरून उठत नाही. गटातल्या बाकीच्या नऊ जणीपण तुमच्याकडंच बघत बसतात. कारण तुम्ही नाही भरला तर त्यांना भरावा लागतो.

आता महत्त्वाचं. जमीन. कृषी केंद्राच्या उधारीच्या नोटिशीवर वारस म्हणून तुमचं नाव महिन्याभरात आलं, अगदी वेलांटीसकट बरोबर. सातबाऱ्यावर अजून आलं नाही. २०२५ मध्ये सरकारनं जिवंत सातबारा मोहीम काढली होती, मेलेल्यांची नावं काढून वारसांची लावायची, आपल्या गावात तलाठीसाहेब त्यासाठी आलेही होते, पण तुम्ही त्या दिवशी कापूस वेचायला गेला होता आणि तुमच्या दिरांनी सांगितलं की घरचं सगळं मिटलंय. कुणीतरी शिकलेलं तुमच्या कानाला लागेल की १९५६ च्या वारसा कायद्यात पहिला हक्क बायकोचा, लेकरांचा आणि गेलेल्याच्या आईचा, सगळ्यांना सारखा, आणि ही मंडळी असताना दिराचा त्यात काही संबंधच येत नाही. असली पुस्तकी माणसं घरं फोडतात. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मंडळ अधिकारी मंजूर करतात, कशाला त्या भानगडीत पडता. एकदा नाव लागलं की कर्ज तुमच्या नावावर, पीक विमा तुमच्या नावावर, किसानचे हप्ते तुमच्या नावावर, झेपणार आहे का हे सगळं? दिरांनी हक्कसोडचा कागद तयार ठेवलाय, अंगठ्याचीपण गरज नाही, तुम्हाला सही येते.

आणि अगदीच ऐकायचं नसेल, वारस लावायचेच असतील, तर लावा बाई, कायदा तुमच्या बाजूनं आहे, आमचं काय जातंय. पण मग जमीन कसणार कोण? सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता म्हणून व्यापारी तुम्हाला तेवढा देईल असं वाटतंय का? एकटी बाई बघितली की ओलावा दोन टक्के जास्तच निघतो. तेव्हा बटाईनं द्यावीच लागेल, आणि द्यायचीच असेल तर बाहेरच्याला कशाला, ते विहिरीकडचं दोन एकर तेवढं आम्हालाच द्या. दिरांना सांगू नका. बी-भरण तुमचं, मेहनत आमची, आणि भाव कमी आला तर तोटा निम्मा निम्मा. कागद मी आणलाय सोबत.