अंगणातला टोलनाका

बँकेचा मेसेज सकाळी पावणेसातला आला आणि नेहमीप्रमाणे तो सगळ्यात आधी अण्णांनी वाचला. मोबाइल माझा, खातंही माझं, पण चार्जिंगचा पॉइंट त्यांच्या पलंगाशेजारी. छत्तीस वर्षं पोस्टात दुसऱ्यांची पत्रं न वाचता पुढे पाठवली, त्याचा अनुशेष ते आता माझ्या मोबाइलवर भरून काढतात.

"वीस दिवसांनी याच्या कार्डावरून पैसे जाणारेत," ते स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाले. मी तेव्हा आंघोळीला गेलेलो. म्हणजे बातमी माझ्यासाठी नव्हतीच.

"कसले?" बायको.

"नाव इंग्रजी आहे. कसलीतरी वर्गणी दिसतेय."

ही सगळी रिझर्व्ह बँकेची कृपा. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे कापायचे असतील तर किमान चोवीस तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. नियम ग्राहकाच्या रक्षणासाठी आहे. तो करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एका बाजूला भोळा ग्राहक आणि दुसऱ्या बाजूला लबाड व्यापारी असणार. एका बाजूला ग्राहक आणि दुसऱ्या बाजूला त्याचं घर, ही शक्यता त्यांनी धरलेली दिसत नाही.

मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तेव्हा प्रश्न तयार होता. "त्या खेळायच्या डब्याचे पैसे आपण मागच्या दिवाळीत दिले ना?"

दिले. डब्याचे दिले. डिस्कचेही दिले, नवा मोठा गेम पाच हजारांच्या घरात जातो. इंटरनेटचे तर दर महिन्याला देतोच. पण घरी आणून डिस्क सरकवली, चिरंजीवांनी 'ऑनलाइन' या शब्दावर बटण दाबलं, आणि पडद्यावर नम्रपणे लिहून आलं की इथून पुढे जायला वर्गणी लागेल. गाडी आपली, पेट्रोल आपलं, रस्त्याचा कर भरलेला, आणि आपल्याच अंगणाच्या फाटकात टोलनाका. खेड शिवापूरला पैसे मोजले तर निदान पुढे कुठेतरी पोचतो तरी. इथे पैसे भरून मी त्याच सोफ्यावर बसणार होतो.

माझा कन्सोल, म्हणजे तो खेळायचा डबा, कुठल्या कंपनीचा, ते सांगत नाही. सांगून फरकही पडत नाही, कारण या नाक्याचा इतिहास सगळ्यांनी मिळून लिहिलाय. सुरुवात मायक्रोसॉफ्टची. २००२ च्या नोव्हेंबरात त्यांच्या एक्सबॉक्स कन्सोलवर ऑनलाइन खेळण्यासाठीचं एक्सबॉक्स लाइव्ह निघालं तेच मुळी पैसे घेऊन. वर्षाला पन्नास डॉलर. सोनीच्या प्लेस्टेशन ३ वर मात्र ऑनलाइन खेळणं फुकट होतं आणि ती मंडळी याचा टेंभाही मिरवायची. मग २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आला, तोवर शेजारच्या नाक्यावरचा गल्ला त्यांनीही पाहिला होता. निन्टेन्डोने २०१८ च्या सप्टेंबरात स्विच या कन्सोलवर आपला बांबू आडवा टाकला, तुलनेने स्वस्तात. आणि तोच गेम कॉम्प्युटरवर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलात तर ऑनलाइन खेळायचं वेगळं काही पडत नाही. आता यावर कोणी म्हणेल की सर्व्हरला खर्च येतो. येत असेलच. पण फोर्टनाइटसारखे जे गेम मुळात फुकट वाटले जातात, ते ऑनलाइन खेळायला ही वर्गणी लागत नाही. म्हणजे ज्याने गेमसाठी पैसा मोजला नाही तो फुकट आत, आणि ज्याने पाच हजार मोजले त्याला नाक्यावर थांबवणार. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग तू का भरतोस?"

या प्रश्नाला उत्तर होतं. ते म्हणजे फुकट गेम.

वर्गणीदाराला दर महिन्याला काही गेम मिळतात, आणि जास्तीची वर्गणी भरली तर शेकड्यांनी गेमांचं कपाटच उघडतं. तत्त्व आपल्या पेठेतल्या वाचनालयाचंच, एक पुस्तक आणि एक मासिक. फक्त इथे पुस्तक घरी नेलं तरी कार्ड संपलं की ते टेबलावरच मिटतं, पुन्हा उघडत नाही. पण हे कळायच्या आतच मी भाळलो होतो. त्याला कारण आहे. लहानपणी आमच्या गल्लीत एकाकडे टीव्ही गेम होता आणि तो तासाला दोन रुपये घेऊन खेळू द्यायचा. कॅसेटवर छापलेलं असायचं '९९९९९९९ इन १'. यादी पानापानांनी खाली जायची आणि आत खरे गेम चार किंवा पाच. तेच मारिओ, तेच काँट्रा, फक्त बुटांचा रंग बदललेला. कॅसेट अडकली की काढायची, तोंडाजवळ धरून फुंकर मारायची, पुन्हा लावायची. त्या पोराला पंचेचाळिसाव्या वर्षी कोणी सांगितलं की शेकडो गेम आहेत आणि सगळे खरोखरचे वेगवेगळे आहेत, तर त्याने कार्डाचा नंबर द्यायचा नाही तर काय करायचं?

तर शनिवारी रात्री जेवणं झाली की मी कपाट उघडून बसतो. हा नको, यात भुतं आहेत. हा जपानी, फार बोलतात. याला म्हणे साठ तास लागतात. हा चांगला दिसतोय, जरा बाजूला ठेवू. पाऊण तास असाच जातो. मग एक ठरतो. त्याचा आकार ९६ जीबी. आमच्या नेटवर तो उतरायला पहाट होते, म्हणून मी डाउनलोड लावून झोपतो आणि सकाळी उठेपर्यंत तो गेम खेळायची इच्छा गेलेली असते. वर्षभरात मी कपाटातला एकच गेम शेवटपर्यंत नेला, तो शेती करण्याचा. गावाकडे साडेतीन एकर आहे. चुलत भाऊ कसतो आणि मी पाच वर्षांत बांधावर गेलेलो नाही. पण त्या गेममध्ये मी पेरणी वेळेत केली, ट्रॅक्टरचं कर्ज फेडलं आणि पावसात भिजलेल्या गवताची मला खरोखर काळजी वाटली. चुलत भावाला हे फोनवर सांगायची चूक मी केली. तो बराच वेळ काही बोललाच नाही.

राहिलं ऑनलाइन खेळणं, ज्यासाठी नाका ओलांडला. पहिल्या दिवशी पडद्यावर आलं की तुमचा नॅटचा प्रकार 'स्ट्रिक्ट' आहे. मी इंटरनेटवाल्याला फोन केला.

"साहेब, यूट्यूब चालतंय ना?"

"चालतंय, पण..."

"मग नेट चालू आहे."

चिरंजीवांनी मग मला आणि अण्णांना समजावलं. बऱ्याच कंपन्या प्रत्येक गिऱ्हाइकाला इंटरनेटवरचा स्वतंत्र पत्ता देत नाहीत. एकाच पत्त्यामागे खूप घरं बसवतात. आपण बाहेर पाठवलं तर उत्तर नीट येतं, पण बाहेरचा कोणी आपणहून आपल्याला शोधत आला तर त्याला दार सापडत नाही. अण्णांना हे माझ्याआधी कळलं. "आख्ख्या वाड्याला एकच टपालपेटी," ते म्हणाले. "कसब्यात असे तीन वाडे होते. पोस्टमन रडायचे." स्वतंत्र पत्ता मिळतो म्हणे. त्याचे महिन्याला वेगळे पैसे.

तेही भरले. वर्गणी वापरता यावी म्हणून दुसरी वर्गणी. मग एका शुक्रवारी रात्री माझा फुटबॉलचा पहिला खराखुरा सामना लागला. समोर कोण आहे कळत नव्हतं, नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांचा चिवडा होता. कानाला हेडफोन, त्याला माईक. सातव्या मिनिटाला माझा बचावपटू चेंडू घेऊन वळतोय तोच आतून आवाज आला, "अरे, दूध उतू जातंय, गॅस बंद कर!"

मी उठेन की नाही या विचारात असताना हेडफोनमधून एक बारीक आवाज म्हणाला, "काका, जा तुम्ही. मी थांबतो."

आवाज सहावी-सातवीतला असावा. मराठी ऐकून मला भरून आलं. मी धावत गेलो, गॅस बंद केला, ओटा पुसला. परत आलो तेव्हा ०-२ झालं होतं.

"थांबलो होतो काका," तो म्हणाला, "पण तुमचा गोलकीपर पण थांबला होता."

पुढे तो ०-६ झाला. शेवटी 'गुड गेम काका' म्हणून तो गेलासुद्धा. पैसे देऊन इतका सभ्य अपमान दुसरीकडे होत नाही, हे कबूल करायला हवं.

मेसेज आला त्या दिवशी संध्याकाळी हिशेब झाला. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, जिथे दुधाचे आणि इस्त्रीचे आकडे असतात तिथे. कोण किती तास खेळलं हे कन्सोल लिहून ठेवतो. चिरंजीवांनी ते उत्साहाने वाचून दाखवलं. त्याला वाटलं आपल्या बाजूचा पुरावा आहे. वर्षभरात ऑनलाइन एकतीस तास. त्यात जोडीदार शोधत ताटकळलेला वेळ धरलेला. बायकोने वर्गणीला एकतीसने भागलं आणि आकड्याखाली दोन रेघा मारल्या. तेवढ्यात थिएटरचं एक तिकीट आणि वर समोसा बसत होता, दर तासाला.

खरं सांगायचं तर वर्गणी अगदीच टाकाऊ नाही. ज्यांच्या शाळासोबत्यांचा कंपू आठवड्यातून तीनदा रात्री दहाला जमतो, त्यांना ती चहाच्या टपरीच्या बिलाइतकी वाटते आणि तेच बरोबर आहे. एखादा कॉलेजातला पोरगा कपाटातले सहा-सात मोठे गेम वर्षात संपवत असेल तर त्याने तेच गेम विकत घेतल्यावर किती झाले असते ते मोजावं आणि गप्प बसावं. पण माझ्यासारखा माणूस खेळण्यासाठी ती भरतच नाही, उद्या कदाचित खेळेन म्हणून भरतो. आणि कंपन्यांना हा उद्या चांगला ठाऊक आहे. प्लेस्टेशन प्लसची वर्षाची वर्गणी अमेरिकेत २०२३ च्या सप्टेंबरात साठ डॉलरवरून ऐंशी झाली. मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या कपाटाची सगळ्यात वरची पायरी २०२५ च्या ऑक्टोबरात महिन्याला वीसवरून तीस डॉलरवर गेली. लोक ओरडले. माझ्यासारखे ओरडले आणि कार्ड तसंच ठेवून झोपले.

या वेळी मात्र कॅलेंडर भिंतीवर होतं. मी रद्द करायला बसलो.

भरायचं बटण पहिल्या पानावर, ठळक, पिवळं. रद्द करायचं शोधायला चिरंजीवांना बोलवावं लागलं. सेटिंगमध्ये, खात्यात, सदस्यत्वात, त्याखालच्या राखाडी अक्षरांत. दाबलं तर विचारलं, नक्की? दाबलं तर यादी आली, तुमचे अमुक अमुक गेम बंद होतील. तेवीस होते. त्यातले एकवीस मी कधी उघडले नव्हते, तरी एकेक चित्र सरकताना घशाशी आलं. माळ्यावरची जुनी सुटकेस भंगारवाल्याला देताना आपण एकदा उघडून बघतो ना, तसा मी थोडा थांबलो. मागून बायको म्हणाली, "दाब."

दाबलं. 'तुमची वर्गणी अजून एकोणीस दिवस चालू राहील.'

हे एकोणीस दिवस आमच्या घराने कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. भरलेले पैसे आहेत म्हटल्यावर वसूल करणं आलं. बुफेत शेवटी सगळ्यात महाग पदार्थाकडे जावं तसा मी मोठमोठे गेम उतरवू लागलो. रात्री साडेबारापर्यंत मी, सकाळी सहाला उठून चिरंजीव, दुपारी चक्क बायको. ती त्या एकवीस न उघडलेल्यांतला कोड्यांचा एक गेम खेळत होती. "एवढं चांगलं होतं तर आधी का नाही सांगितलंस?" असंही तिने मलाच विचारलं. ऑफिसात मी मीटिंगमध्ये झोपलो. साठ तासांचा जपानी गेम मी चाळीस तासांवर आणला. उरलेले वीस मी शेवटच्या दोन दिवसांत मांडले, रजा टाकून.

शेवटचा दिवस गुरुवार होता. पुण्यात गुरुवार म्हटल्यावर पुढचं सांगायला नको. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी राक्षसाच्या शेवटच्या किल्ल्याचं दार उघडत असताना लाइट गेली.

दहा वाजले, बारा वाजले. मी बाल्कनीतून खांबाकडे बघत होतो. खांबावर कोणी नव्हतं. चिरंजीव शाळेतून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "बाबा, २०२५ च्या फेब्रुवारीत प्लेस्टेशनचं नेटवर्क दिवसभर बंद पडलं होतं ना, तेव्हा त्यांनी सगळ्यांना पाच दिवस वाढवून दिले होते."

"अरे, ते त्यांचं बंद पडलं होतं. इथे आपली लाइट गेलीय."

पण अण्णांनी ते ऐकलं होतं. सेवेत खंड आणि भरपाई हे दोन शब्द एका वाक्यात आले की त्यांचा पोस्टातला हात शिवशिवतो. त्यांनी ड्रॉवरमधून फुलस्केप काढला, समास दुमडला, वर उजवीकडे तारीख घातली आणि खिडकीच्या उजेडात लिहायला घेतलं. 'प्रति, मा. व्यवस्थापक. विषय : दि. रोजी सात तास खेळता न आल्याबाबत.' मायना आणि पहिला परिच्छेद होईपर्यंत कोणी बोललं नाही.

मग त्यांनी चष्मा वर केला.

"यांचं ऑफिस कुठेशी आलं रे? लक्ष्मी रोडला?"