लाटांची आस

प्राचीन ग्रीक महाकवी होमरचे वीर मासे खात नाहीत. बैल कापतात, चरबी आगीत तडतडते, वाइन ओतली जाते, पण पानात मासा नाही. त्याच्या 'ओडिसी' या महाकाव्यात माणसं गळ हातात घेतात तीही पोटात आग पडली म्हणूनच. हे तत्त्वज्ञ प्लेटोनेही हेरलं होतं.

शिकार मात्र मानाची. पार्नासस डोंगरावर रानडुकराने 'ओडिसी'चा नायक ओडिसियस याला तरुणपणी गुडघ्याच्या वर फाडलं, त्याचा व्रण राहिला. पुढे तो ट्रॉयच्या युद्धाला जातो आणि २० वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात घरी परततो. म्हातारी दाई पाय धुताना तिचा हात त्या व्रणावर जातो. पाय हातातून सुटतो, घंगाळं कलंडतं, पाणी सांडतं. शिकारीने माणसाला ओळख दिली ती अशी.

तरीही मला विचाराल तर मासेमारीच्या ओळी जास्त आतून आलेल्या आहेत. 'ओडिसी'चा २२वा सर्ग काढून बघा. ओडिसियसच्या बायकोला मागणी घालत त्याच्या घरात ठाण मांडून बसलेल्यांवरचा सूड पुरा झालाय. कोणी जिवंत लपलंय का, म्हणून ओडिसियस घरभर नजर फिरवतो. सगळे रक्तात, धुळीत पडलेत. कोळ्यांनी जाळ्याने किनाऱ्यावर ओढून काढलेल्या माशांसारखे. वाळूत ढीग, लाटांची आस लागलेली, आणि ऊन त्यांचा जीव घेतंय. ज्याने रापण ओढताना पाहिली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. शत्रू मेलेत, तरी कवी त्या क्षणी माशाच्या जागी जाऊन बघतो!

नंतर ओप्पियान या ग्रीक कवीने मासेमारीवर ५ सर्गांचं अख्खं काव्य रचून सम्राटाला अर्पण केलं. त्यात माहिती अफाट आहे, पण माझा जीव अडकतो तो थडग्यांवरच्या चार-दोन ओळींत. ग्रीक कवयित्री साफोच्या नावावरच्या एका कवितेत पेलागोन या कोळ्याच्या थडग्यावर बाप मेनिस्कोस मासे धरायची टोपली आणि वल्हं ठेवतो, हलाखीच्या जिण्याची खूण म्हणून. बस, एवढंच.

आपल्याकडे ग्रीक काव्य म्हटलं की अकिलीस, ट्रॉय, लाकडी घोडा. मुलांना थेरिसही सांगा हो! दक्षिण इटलीतल्या तारेंतुम या ग्रीक शहराच्या लिओनिदास या कवीने लिहिलेला म्हातारा कोळी. उभा जन्म समुद्रात, पण त्याला ना वादळाने नेलं ना लाटेने. आपल्या बोरूच्या झोपडीत तो गेला, खूप वेळ जळून दिवा आपसूक विझावा तसा. थडगं बायकोने बांधलं नाही, मुलांनीही नाही. बरोबरीच्या कोळ्यांनी मिळून बांधलं.